भरल्या पोटी उपाशी हाडं

कारंजाच्या बाजारात मला अजूनही कुणीतरी अडवतं आणि म्हशीचं विचारतं. म्हैस फळत नाही, म्हैस पान्हा चोरते, म्हैस माती चाटते. भाजीची पिशवी सांभाळत मी उभ्या उभ्या उपाय सांगते आणि पुढे निघते. पशुवैद्यक म्हणून माझा निम्मा जन्म गाई-म्हशींच्या मागच्या बाजूला उभं राहण्यात गेला, तेव्हा तक्रार करायला मला जागा नाही. पण नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आणि निवृत्तीनंतरही एक वेगळंच काम माझ्याकडे येत राहिलं. त्याबद्दल बाजारात कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते.

वनखात्याची माणसं लोकांच्या घरातून रानातले जीव सोडवून आणत आणि ते माझ्या टेबलावर ठेवत. पोपट, कासव, हरणाचं पाडस, वानेर म्हणजे काळतोंडं वानर. पहिल्यांदा मला वाटलं, मारलेले, बांधलेले, छळलेले जीव येतील. तसे फार कमी आले. बहुतेक आले ते लाडानं आजारी पडलेले.

धान्याच्या एका अडत्याकडचा पोपट आला तेव्हा त्याचे डोळे सुजून मिटले होते आणि चोचीचे पापुद्रे निघत होते. मालक माझ्यावर चिडला. "डाक्टरीनबाई, काजू-बदाम चारतो मी याले. घरच्या पोरायले भेटत नाई इतकं!" तेच तर दुखणं होतं. काजू-बदामात सगळं आहे, पण डोळ्यांना आणि कातडीला लागणारं 'अ' जीवनसत्त्व नाही. दुसऱ्या एका घरातून जमिनीवरचं कासव आलं. घरात बरकत येते म्हणून ते पाण्याच्या बादलीत ठेवलं होतं आणि त्याला रोज भाकरीचा तुकडा मिळत होता. त्याची पाठ अंगठ्यानं दाबली तर भिजलेल्या पापडासारखी आत जायची. पोपट बरा झाला. कासवाला आम्ही उन्हात ठेवलं, पाला दिला, पाल्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरली. ते तगलं नाही. बरकतीसाठी आणलेल्या त्या जिवाला त्या घरात कुणी वाईट वागवलं नव्हतं, आणि हेच मला अजून सोसत नाही.

पण सांगायचं आहे ते छबीचं.

वनरक्षक दिगंबर एका सकाळी गाडी घेऊन दाराशी आला. "मॅडम, मंगरूळपीरच्या अलीकडं एका मळ्यात वानेर हाय म्हनते. घरात कोंडलेलं. फोन आला होता."

"कुणाचा?"

"नाव नाई सांगतलं. बाईचा आवाज होता."

मळा तुळशीराम नावाच्या माणसाचा. वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी. हा माणूस मी बाजारात पाहिलेला होता. गिऱ्हाईकानं वांगं दोनदा दाबलं की हातातून काढून घेणारा, भावात घासाघीस केली की "जा, दुसरीकून घे" म्हणणारा. साठीचा, उंच, वाळलेला, आवाज विहिरीत घागर पडल्यासारखा. आमची गाडी पाहून तो दारातच आडवा उभा राहिला. त्याची बायको शेवंताबाई मागे ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

दिगंबरनं कायदा सांगितला. वानेर पाळता येत नाही, गुन्हा होतो. तुळशीरामभाऊ म्हणाला, "पाळलं कोनी? माय लाइटीच्या तारेले चिकटून मेली तिची. छातीले पिल्लू. कुत्रे वढून राह्यले होते. म्या उचललं. तवा कुठं होता तुमचा कायदा?"

मी एवढंच म्हटलं, "मला फक्त बघू द्या तिला."

ती आतल्या खोलीत होती. एक छोटी खिडकी, तीही पोत्यानं बंद केलेली, कारण बाहेर दिसली तर लोक तक्रार करतील. कोपऱ्यात गोधडीवर ती बसली होती, काळ्या तोंडाची, राखाडी केसांची, दोन वर्षांच्या वानेराच्या मानानं फारच लहान. नाव छबी. तुळशीरामभाऊ आत आला तशी तिनं दोन्ही हात वर केले. त्यानं लगेच उचलून कडेवर घेतलं. आवाजसुद्धा बदलला त्याचा.

"लय लाडाची हाय," तो मला म्हणाला. "पाय खाली टेकवत नाई. उचलून घ्या म्हन्ते दिवसभर."

मी तिच्या पायावरून हात फिरवला. मांडीचं हाड धनुष्यासारखं वाकलं होतं. खालचा जबडा जाड झाला होता आणि दाबला तर रबरासारखा हलत होता. मी जरा जोरानं दाबलं तर ती बारीक कण्हली.

"भाऊ," मी म्हटलं, "ती लाडानं उचलून घ्या म्हणत नाहीये. पाय टेकवला की तिला दुखतं."

त्याचा चेहरा लाल झाला. "म्या तिले उपाशी ठेवली का? माह्या आधी खाते थे! चहा-बिस्कुट, पोळी, केळी, साखर-भात. काय कमी केलं सांगा तुमी!"

इथे मला थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. पोळी, केळी, बिस्किटं यांत कॅल्शियम नावापुरतं असतं. पण रक्तात ते ठरावीक लागतंच, नाहीतर हृदयसुद्धा नीट चालणार नाही. मग शरीर काय करतं, हाडांतून काढून घेतं. रोज थोडं थोडं. वरून पोट भरलेलं दिसतं, केस चमकतात, आणि आत हाडं मऊ होत जातात. त्यात ऊन नाही, म्हणजे 'ड' जीवनसत्त्व नाही, म्हणजे जे थोडं कॅल्शियम पोटात जातं तेही अंगी लागत नाही. शिवाय वानेर हा पाला खाणारा प्राणी. त्याचं पोट माकडापेक्षा गाईच्या जवळचं. कप्प्याकप्प्यांचं, आत पाला आंबवणाऱ्या जंतूंची वस्ती असलेलं. म्हशींमागे घालवलेला जन्म मला तिथे कामाला आला. बिस्किटानं ते पोट कसं आंबून बिघडतं, ते मी धान्याच्या पोत्यात तोंड घातलेल्या गाईंमध्ये पाहिलं होतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही. तो छबीच्या पायाकडे बघत होता.

मी हात धुवायला विहिरीवर गेले तर शेवंताबाई घागर घेऊन आली. पाणी ओतता ओतता, खाली बघत, ती पुटपुटली, "ताई, फोन म्या केला."

मी ओंजळ मागे घेतली.

"बाकीचे वानेर बांधावर येतात तवा हे खिडकीच्या फटीतून पाह्यते न रडते. मले पाहवत नाई. त्याह्यले सांगून पाह्यलं, आयकत नाई. तुमी सांगू नोका. माह्यावर जीव हाय त्याह्यचा, पन हे सहन नाई व्हनार."

मी सांगितलं नाही. छबीला पिंजऱ्यात ठेवून गाडी निघाली तेव्हा तुळशीरामभाऊ बांधापर्यंत मागे आला. मग शेजारच्या मळ्याकडे तोंड करून मोठ्यानं ओरडला, "झालं का समाधान, पंजाबभाऊ?" पंजाबभाऊ म्हणजे त्याचा शेजारी. फोन त्यानंच केला, असं तुळशीरामभाऊनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं. तो बिचारा हातात पाइप धरून नुसता बघत राहिला.

कारंजाला वनखात्याच्या आवारात एक उपचाराची शेड होती. छबीला तिथे ठेवलं. मी आहार आखला. लोकांना वाटतं, सप्लिमेंट म्हणजे ताकदीचं औषध, जितकं जास्त तितकं चांगलं. तसं नसतं. कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व वजनाला धरून, थोडं थोडं द्यायचं. 'ड' जास्त झालं तर तेच मूत्रपिंडात खडे करून जीव घेतं. खाणंही एकदम बदलायचं नाही. पोळी कमी करत पाला वाढवत न्यायचा, म्हणजे पोटातले जंतू रुळतात. आणि सगळ्यात स्वस्त औषध, सकाळचं ऊन.

कागदावर सगळं छान होतं. छबीनं तोंडच उघडलं नाही. कॅल्शियमचं पांढरं औषध तिनं माझ्या अंगावर थुंकलं. शेवग्याचा पाला फेकला. मग फेकणंही सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. नळीनं भरवायचं तर धरावं लागणार, आणि मऊ हाडांच्या जनावराला जोर लावून धरणं म्हणजे हाड मोडण्याला बोलावणं. जीव वाचवण्याचं औषध समोर आणि ते आत घालायला वाट नाही, अशी वेळ माझ्यावर बरेचदा आली आहे. तिची सवय होत नाही.

सोडवलेल्या प्राण्याजवळ आधीच्या मालकाला येऊ देत नाहीत. नियम चांगला आहे, कारणाचा आहे. तरी मी वनखात्याच्या साहेबांकडे गेले आणि म्हटलं, थोडे दिवस. नाहीतर ही राहणार नाही. साहेबांनी विचार केला आणि हो म्हटलं.

तुळशीरामभाऊ फटफटीवर आला. मागे पोतंभर शेवग्याचा पाला. छबीनं गेटाबाहेरचा फटफटीचा आवाज ओळखला आणि बसल्या जागी हात वर केले. तो आत गेला, मांडी घालून बसला आणि तिला मांडीत घेतलं. मी औषधाची वाटी पुढे केली. तिनं वास घेऊन तोंड फिरवलं. मग त्या माणसानं वाटी घेतली, बोट बुडवलं आणि स्वतः चाटलं. डोळे मिटून, मिटक्या मारत.

"वा! बासुंदी हाय, छबे, बासुंदी!"

छबीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडात बोट घालून पाहिलं. मग वाटीत. वाटी संपली.

बाहेर आल्यावर तो नळाशी जाऊन खळखळून चूळ भरू लागला. "बाप्पा बाप्पा, डाक्टरीनबाई! खडू कालवून देल्यासारखं लागते. थोडं गोड टाकत जा न!"

दिगंबर हसून हसून खाली बसला. त्या दिवशी तुळशीरामभाऊही पहिल्यांदा हसला.

तो जवळजवळ रोज यायचा. भाजी बाजारात घालायची आणि इकडे यायचं. उंबर, बोरीचा पाला, चिंचेचा कोवळा मोहर, काय काय आणायचा. पाला तो आधी स्वतः तोंडात धरायचा, मग ती ओढून घ्यायची. एकदा मी त्याच्या खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. चोरी पकडलेल्या पोरासारखा तो उभा राहिला.

"एकच देत होतो. तिचा चेहरा पाहून राहवत नाई."

"भाऊ, तुमच्या बैलाला तुम्ही जिलेबी चाराल का?"

"पोळ्याले चारतो न."

मी पुडा माझ्या पर्समध्ये टाकला. पण त्यानंतर त्याच्या खिशात कधी बिस्कीट सापडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

हळूहळू छबी बदलली. शेण म्हणावं की लेंडी, ते आधी घट्ट झालं. पशुवैद्याचा पहिला आनंद नेहमी तिथूनच येतो. मग जबडा टणक लागायला लागला. ती उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत बसायची. शेजारच्या पिंजऱ्यात रस्त्यावर गाडीची धडक बसलेली एक तरणी वानरी होती. तिनं जाळीतून हात घालून छबीच्या पाठीतले केस विंचरायला सुरुवात केली. छबीनं आधी आक्रोश केला, कारण आपण वानेर आहोत हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग एके दिवशी तिनं आपण होऊन पाठ जाळीला लावली.

अशा वेळी एक धोका असतो. दुखणं आधी जातं, हाडाची ताकद नंतर येते. मधल्या दिवसांत जनावराला वाटतं, आपण बरे झालो. म्हणून मी पिंजऱ्यातल्या सगळ्या फांद्या काढायला लावल्या होत्या, खाली पेंढा पसरला होता. पण जाळी तर काढता येत नाही. एका सकाळी गेटाबाहेर फटफटी वाजली आणि छबी, जिनं आयुष्यात कधी उडी मारली नव्हती, ती जाळीवर चढली. वरपर्यंत. आणि तिथून दाराच्या दिशेनं झेपावली.

मी धावले. मांडीचं हाड मोडलं होतं.

तुळशीरामभाऊ शेवंताबाईला घेऊन आला होता त्या दिवशी. पहिल्यांदाच. तिनं छबीसाठी मेथी आणली होती. आत येऊन त्यानं पाहिलं आणि त्याचा तो विहिरीतला आवाज साऱ्या आवारात घुमला. "मोडली! तुमी मोडली तिले! माह्या घरी वाकडी होती पन अख्खी होती!"

मी छबीचा पाय बांधत होते. वर न बघता बोलले, कारण बघून बोलता आलं नसतं. "भाऊ, तुमच्या गाडीचा आवाज ऐकून तिनं उडी मारली."

पण राग असा कुठे जिरतो? त्याला जागा लागते. तो वळला आणि म्हणाला, "त्या पंजाबनं फोन केला नसता तं हे झालंच नसतं. माह्या विहिरीवरचं त्याचं पानी बंद केलं म्या, आता बांधावर पाय बी ठेवू देनार नाई."

शेवंताबाई मेथीची जुडी हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "पंजाबभाऊनं नाई केला. म्या केला."

"काय?"

"फोन. म्या केला. त्याह्यचं पानी सुरू करा."

"तू? काहून?"

"थे खिडकीत बसून रडे, तुमी मळ्यात राहत होते. म्या पाहत होती. तुमी तिले रोज उचलून घेत होते, न थे रोज बारीक होत जाय. कोनाले सांगू? तुमी आयकून घेत नव्हते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, छबीकडे पाहिलं, आणि गेटाबाहेर गेला. फटफटी सुरू झाली आणि आवाज लांब गेला. शेवंताबाई तिथेच उभी राहिली. मी तिला बसवलं, दिगंबरनं चहा आणला. तिनं तो घेतला नाही. मला म्हणाली, "ताई, पाय जुळन का तिचा?" मी जुळेल म्हटलं. नंतर ती एकटी एसटीनं घरी गेली.

पुढे काही दिवस तुळशीरामभाऊ आला नाही. मला छबीची धास्ती होती. पण पाय बांधलेला, म्हणून आम्ही तिला जाळीला लागूनच ठेवलं होतं. शेजारची वानरी पाला खाऊ लागली की छबी बघायची. मग वानरीच्या तोंडातला पाला जाळीतून ओढून घ्यायची. आम्ही औषध त्या पाल्यावरच शिंपडायला लागलो. मी तुळशीरामभाऊला एक दिवस सांगणारच होते की आता येऊ नका, ती तुमच्याशिवाय खायला शिकली पाहिजे. ते सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचं वाईटही वाटलं.

मग एका सकाळी गेटाशी पोतं दिसलं. शेवग्याचा पाला, दव अजून सुकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही. दिगंबरनं पाळत ठेवली आणि सांगितलं, "मॅडम, तुळशीरामभाऊ गाडी तिकडं वडाखाली बंद करते न पायी येते. आवाज नाई आला पायजे म्हनून."

मी वडाखाली जाऊन उभी राहिले. तो मला बघून ओशाळला. मी विचारलं, "घरी कसं आहे?"

"बरं हाय." मग पोतं खाली ठेवत, "पंजाबच्या घरी गेलो होतो. तिले घेऊनच गेलो. जेवू घातलं त्यानं."

"आणि शेवंताबाईंशी बोलता का?"

"बोलतो न. थे मले जे बोलली, थे माह्यासंगं दोन वर्षं बोलून राह्यली होती. मले आयकूच नव्हतं येत."

छबीचा पाय जुळला. वाकलेली हाडं मात्र सरळ झाली नाहीत. कॅल्शियम हाड टणक करतं, आकार परत देत नाही. झाडावरून झाडावर झेप घेणं तिच्या नशिबी नव्हतं, म्हणून रानात सोडता आलं नाही. तिला आणि तिच्या मैत्रिणीला एका मोठ्या केंद्रात पाठवलं. तिथे उघडं आवार आहे, बुटकी झाडं आहेत आणि तिच्यासारखीच आणखी काही वानरं. गेल्या वेळी मी पाहिलं तेव्हा ती उन्हात बसून दुसऱ्या कुणाच्या तरी पिल्लाचे केस विंचरत होती. तुळशीरामभाऊला मी फोटो दाखवू का विचारलं. तो म्हणाला, "नोका. तुमी पाह्यलं न, झालं."

या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी त्याचा फोन आला. एरवी ओरडणारा माणूस कुजबुजत होता. "डाक्टरीनबाई, कोबीत हरनाचं पाडस बसलं हाय. आजचंच असन. माय दिसत नाई. काय करू?"

मी म्हटलं, हात लावू नका. लांब जा. काळविटाची मादी पाडसाला लपवून चरायला जाते, ती येईल. दिगंबरची बदली झाली होती, म्हणून मीच रिक्षा करून मळ्यावर गेले.

तुळशीरामभाऊ, शेवंताबाई आणि पंजाबभाऊ तिघे लांब, आंब्याच्या आडोशाला ओळीनं बसले होते. तुळशीरामभाऊच्या हातात काठी होती, कुत्र्यांसाठी. कोबीला पाणी द्यायची पाळी होती, ती त्यांनी सोडली होती. शेवंताबाईनं माझ्या हातात भाकर आणि ठेचा दिला आणि ओठांवर बोट ठेवलं. कोबीच्या दोन ओळींमध्ये दोन कान दिसत होते. ऊन चढलं. पाडस एकदा बारीक ओरडलं. तुळशीरामभाऊ अर्धा उठला. शेवंताबाईनं त्याच्या धोतराचा सोगा धरला. तो बसला.

"तहान लागली असन त्याले," तो म्हणाला.

"बसा," ती म्हणाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा बांधापलीकडच्या गवतात मादी उभी राहिलेली दिसली. ती बराच वेळ हलली नाही. आम्हीही हललो नाही. मग ती एकेक पाऊल टाकत कोबीत आली. पाडस उठलं, लटपटलं आणि तिच्या पोटाखाली घुसून ढुशा द्यायला लागलं. त्याची शेपटी हलत होती.

तुळशीरामभाऊनं काठी खाली ठेवली. पाडसावरची नजर न काढता त्यानं मला हळूच विचारलं, "दूध असन न तिले?"

"आहे," मी म्हटलं. "भरपूर आहे."

"मंग बरं," तो म्हणाला.